गाडीवरचं कोळ्याचं जाळं: बारीक ओरखडे घरच्या घरी कसे काढायचे

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'तर' मी निम्मे काढलेत, निम्मे राहू दिलेत. ज्यांनी बसमध्ये अर्धवट ऐकला आणि मधेच स्टॉप आला, त्यांनी उरलेला इथे वाचावा.

गेल्या वर्षी बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठवड्याभरानं ते खाली पार्किंगमध्ये गेले आणि पाच मिनिटांत वर आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "अरे, गाडीवर कोळ्याचं जाळं पडलंय. पुसलं तरी जात नाही."

आमची गाडी गडद निळी, 2014 सालची. बाबा भूगोलाचे शिक्षक, आता निवृत्त. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली ही त्यांची पहिली आणि एकुलती गाडी. मी खाली जाऊन पाहिलं. ऊन बोनेटवर तिरकं पडलं होतं आणि सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती शेकडो बारीक चकचकीत रेषा गोल गोल फिरत होत्या. जाळं नवीन नव्हतं, कित्येक वर्षांचं होतं. बाबांना ते आत्ता दिसलं, एवढंच.

आणि लगेच आरोपीही ठरला. आमच्या सोसायटीत गाड्या पुसायला एक पोरगा येतो. महिन्याचे पैसे ठरलेले, हातात एक बादली आणि एकच फडकं, त्यात वीस गाड्या. बाबा म्हणाले, "याचंच काम आहे हे. पुढच्या महिन्यापासून बंद कर त्याला." त्या पोराचं आमच्या गाडीचं काम जाणार होतं. शिवाय बाबांनी चार जणांना सांगितलं असतं तर आणखी चार गाड्या गेल्या असत्या. म्हणून मी म्हटलं, थांबा जरा, आधी बघू तरी.

आधी ओरखडे ओळखा

इंग्रजीत यांना स्वर्ल मार्क्स म्हणतात. गॅरेजवाले म्हणतात, "साहेब, रबिंग करावं लागेल." नाव काहीही द्या. रंगाच्या सगळ्यात वरच्या पारदर्शक थरावर पडलेले हे अतिशय उथळ ओरखडे असतात.

ते गोल का दिसतात याबद्दल बहुतेकांचा एक गैरसमज असतो. लोकांना वाटतं की गोल गोल पुसल्यामुळे ओरखडे गोल पडले. तसं नाही. घरातलं रोजच्या वापरातलं स्टीलचं ताट घ्या आणि दिव्याखाली धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल रेषा दिसतील. आता ताट तसंच ठेवून डोकं हलवा. गोलही तुमच्याबरोबर सरकेल. ओरखडे खरं तर सगळ्या दिशांना पडलेले असतात, पण त्यातले जे दिव्याच्या भोवती आडवे येतात तेवढेच प्रकाश तुमच्या डोळ्यांकडे पाठवतात. उरलेले अंधारात राहतात. म्हणून ताटावर, मोबाइलच्या चकचकीत पाठीवर आणि गाडीच्या बोनेटवर एकसारखंच जाळं दिसतं.

तपासायला महागडा दिवा लागत नाही. संध्याकाळी पार्किंगमध्ये जा, मोबाइलचा टॉर्च लावा, पत्र्यापासून हातभर अंतरावर धरा आणि हळूहळू फिरवा. ट्यूबलाइटखाली हे ओरखडे जवळजवळ दिसत नाहीत, कारण तो प्रकाश पसरलेला असतो. एका बिंदूतून येणारा प्रकाश हवा. सेकंडहँड गाडी बघायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ढगाळ दिवशी किंवा ट्यूबलाइटखाली दाखवलेली गाडी नेहमी सुंदर दिसते.

दुसरी परीक्षा नखाची. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा खोल आहे, आज आपण जे करणार आहोत त्यानं तो जाणार नाही. नख सरळ निघून गेलं तर आशा आहे.

मी टॉर्च घेऊन आमच्या गाडीभोवती फिरलो. बोनेटवर भरपूर जाळं. चारही दरवाज्यांवर भरपूर. डिकीवर भरपूर. मग स्टूल आणून टप बघितला. टपाच्या कडांवर जाळं होतं आणि मधोमध, साधारण दीड फुटांच्या पट्ट्यात, रंग आरशासारखा स्वच्छ!

मी स्टुलावरच उभा राहून विचार केला. ज्यानं हे केलं त्याचा हात टपाच्या मध्यापर्यंत पोचत नव्हता. तो पोरगा तर रोज पायरीवर चढून टप पुसतो असं मला वाटत होतं. खाली जाऊन त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "दादा, तुमच्या गाडीला मी फक्त काचा आणि चाकं करतो. काका बॉडीला हात लावू देत नाहीत. बॉडी ते स्वतः पुसतात."

तर असं. रोज सकाळी सहा वाजता, चहाच्या आधी, जुन्या बनियनच्या फडक्यानं, कोरडी धूळ, जोर लावून, वर्षानुवर्षं. बाबांची उंची पाच फूट चार इंच.

धूळ म्हणजे दगडच

हे बाबांना सांगायचं कसं, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता. मी सरळ सांगायचं ठरवलं, पण त्यांच्या विषयाच्या वाटेनं. म्हटलं, "बाबा, धुळीत काय असतं? क्वार्ट्झ. मोहच्या मापावर 7. लोखंडापेक्षा कठीण. तुम्ही रोज त्याच्यावर फडकं दाबून फिरवताय."

बाबांनी आधी चूक काढली. "आपल्याकडे बेसॉल्ट आहे. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ कुठून आणलास? त्यात फेल्डस्पार असतं, पायरॉक्सीन असतं."

ठीक आहे, म्हटलं, फेल्डस्पारची कठीणता किती? "6." आणि पायरॉक्सीनची? "5 ते 6." चाकूच्या पात्याची? "साडेपाचच्या आसपास." मग गाडीवरचा सगळ्यात वरचा थर तर प्लॅस्टिकच्या जातीचा आहे, त्याचं काय होणार? यावर बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "शेजारी बांधकाम चालू आहे. तिथं क्रश सँड वापरतात. ती बेसॉल्टचीच." आणि गॅलरीत जाऊन बसले.

म्हणजे मुद्दा समजला होता. हवेतली धूळ हा दगडाचाच बारीक चुरा असतो. कोरडं फडकं तो उचलत नाही, रंगावरून ओढत नेतं. फडकं मऊ असून उपयोग नाही, कारण ओरखडा फडक्यामुळे पडतच नाही. तो पडतो फडक्यात अडकलेल्या कणामुळे. ओलं फडकं एका बादलीत वीस गाड्यांसाठी बुडवलं, तर ते फडकं आणि ती बादली दोन्हीही सँडपेपरच. त्यामुळे तो पोरगा आमच्या गाडीपुरता निर्दोष असला, तरी सोसायटीतल्या बाकीच्या गाड्यांवर टॉर्च मारून बघायची माझी हिंमत झाली नाही. नंतर मारला. असो.

थर किती जाड असतो

आता थोडं तंत्र, कारण हे कळलं नाही तर पुढे नुकसान होतं.

आजकालच्या गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट असतो साधारण 40 ते 50 मायक्रॉन. तुमच्या डोक्याचा एक केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक एका केसापेक्षाही पातळ थरात आहे. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवण्याचं कामही तोच थर करतो.

स्वर्लचे ओरखडे या थराच्या अगदी वरच्या एकदोन मायक्रॉनमध्ये असतात. पॉलिश करताना आपण ते भरत नाही. बाबांच्या भाषेत सांगायचं तर दरी बुजवायची नसते, आजूबाजूचं पठार दरीच्या तळापर्यंत खाली आणायचं असतं. कातरून सपाट केलं की प्रकाश अडकायला जागा राहत नाही आणि ओरखडा दिसेनासा होतो. हलक्या पॉलिशच्या एका खेपेत साधारण एखादा मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी थर जातो. हे फारसं नाही. पण गेलेला थर परत येत नाही. दर दिवाळीला 'फुल रबिंग' करून घेणाऱ्या गाड्यांचा टप आणि बोनेट काही वर्षांनी पांढुरके पडतात, पापुद्रे निघतात, ते याचमुळे. ऊन तर त्यांना लागतंच, त्यात छत्री फाटलेली.

म्हणून माझा नियम एकच. आधी सगळ्यात सौम्य उपाय करायचा, आणि जेवढ्यानं काम भागेल तिथेच थांबायचं. शंभर टक्के जाळं घालवायचा हट्ट धरायचा नाही. चार हात लांबून दिसलं नाही म्हणजे पुरे.

काही गाड्यांना हात लावायचाच नाही. मॅट रंगाची गाडी पॉलिश करू नका, ती जागोजागी चमकायला लागेल. गाडीवर फिल्म चिकटवलेली असेल तर ही पद्धत तिच्यासाठी नाही. एखादा दरवाजा अपघातानंतर बाहेर रंगवलेला असेल, तर तिथला थर किती जाड आहे याचा भरवसा नसतो, तिथे जपून. आणि जुन्या गाड्यांच्या साध्या पांढऱ्या-लाल रंगांवर कधीकधी क्लिअर कोट नसतोच. स्पंजावर गाडीचा रंग उतरायला लागला तर समजा की तुमची गाडी त्यातली आहे. घाबरू नका, पण हात आणखी हलका ठेवा.

माझी पहिली फजिती

पहिल्या रविवारी मी काय केलं ते आधी सांगतो. कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून कंपाऊंडचा डबा आणला. दुकानदार म्हणाला, "हेच लावतात सगळे." सकाळी अकराला, उन्हात, तापलेल्या बोनेटवर, बाबांच्याच बनियनच्या फडक्यानं ते भरपूर थापलं आणि घासलं. दोन मिनिटांत ते खडूसारखं वाळलं. वाळलेलं काढायला जोर लावला. जाळं गेलं, हे खरं. पण त्या जागी ताकासारखा पांढुरका धुरकटपणा आला. बाबा गॅलरीतून बघत होते. काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

चुका चार होत्या. ऊन. गरम पत्रा. सुती फडकं. आणि सौम्य पॉलिश सोडून थेट कंपाऊंड. कंपाऊंडचे कण भरड असतात, ते खोल ओरखड्यांसाठी. माझ्या ओरखड्यांना फिनिशिंग पॉलिश पुरलं असतं. डब्यावर 'स्वर्ल रिमूव्हर', 'फाइन पॉलिश' किंवा 'फिनिशिंग पॉलिश' असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते घ्यायचं.

टूथपेस्टचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. टूथपेस्टमध्ये खरोखरच घासणारी पूड असते, त्यामुळे थोडा फरक दिसतोही. पण ती पूड दातांच्या हिशेबानं बनवलेली असते, प्रत्येक कंपनीची भरड-बारीक वेगळी, आणि ती लगेच वाळते. चांगल्या पॉलिशमधले कण काम करता करता फुटून आणखी बारीक होतात किंवा मुळातच एकसारखे बारीक असतात. पेस्ट ब्रशवरच राहू द्या.

दुसरा रविवार, नीट

सकाळी सातला सुरू केलं. गाडी सावलीत. पत्र्याला हाताचा पालथा पंजा लावून बघितला, गार होता.

धुण्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. आमच्या सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायला बंदी आहे, तशी बऱ्याच ठिकाणी असते. मी नर्सरीतून झाडांवर फवारायचा दोन लिटरचा हातपंप आणला. त्यात पाणी आणि थोडा कार शॅम्पू घालून अख्खी गाडी फवारून भिजवली आणि चारपाच मिनिटं तशीच ठेवली. वाळू द्यायची नाही. धूळ सुटते आणि बरीचशी आपोआप खाली ओघळते. हात लावायच्या आधी जेवढी धूळ जाईल तेवढे ओरखडे वाचतात.

मग दोन बादल्या. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग मोजा साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि तेव्हाच परत शॅम्पूत घालायचा. म्हणजे दगडाचा चुरा दुसऱ्या बादलीच्या तळाशी राहतो. काम संपल्यावर त्या बादलीचा तळ बघा, खात्री पटेल. टपापासून सुरुवात आणि खाली येत जायचं. चाकांजवळचा खालचा पट्टा सगळ्यात शेवटी, कारण चिखल आणि ब्रेकची धूळ तिथेच असते. हात सरळ रेषेत, पुढे-मागे. सरळ पुसल्यानं ओरखडे पडायचे थांबत नाहीत, पण पडलेच तर एकाच दिशेचे पडतात आणि फक्त एका कोनातून दिसतात. भांड्याचा साबण वापरू नका, तो वॅक्सही काढून टाकतो.

टिपायला जाड मायक्रोफायबर टॉवेल. टॉवेल पत्र्यावर पसरायचा, वरून थोपटायचा आणि उचलायचा. ओढायचा नाही. बोअरचं पाणी असेल तर गाडी आपोआप वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे गोल डाग बसतात आणि ते काढणं हा वेगळाच उद्योग होऊन बसतो.

आता गंमत. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला आणि धुतलेल्या बोनेटवरून बोटं फिरवा. धुवून स्वच्छ दिसणारा रंगही खरखरीत लागेल. ब्रेकचे लोखंडी कण, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक, सगळं रंगात रुतून बसलेलं असतं. ते पॉलिशच्या स्पंजात अडकलं तर नवे ओरखडे पडणार. यासाठी क्ले बार मिळतो, मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा. त्याची छोटी चपटी चकती करायची, पत्र्यावर शॅम्पूच्या पाण्याचा भरपूर फवारा मारायचा आणि चकती जोर न लावता सरकवायची. सुरुवातीला खर्र असा आवाज येतो, मग गुळगुळीत होतं. मधूनमधून घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्यायचा. वाईट वाटतं, महाग असतो, पण पडलेला क्ले म्हणजे आपण बनवलेला सँडपेपर. क्लेनंही थोडं धूसर होऊ शकतं, म्हणून तो पॉलिशच्या आधी. दर महिन्याला करायची ही गोष्ट नाही.

पॉलिशच्या आधी काळे प्लॅस्टिकचे भाग, रबरी पट्ट्या आणि बॅज यांवर कागदी मास्किंग टेप लावा. पॉलिश काळ्या प्लॅस्टिकवर वाळलं की पांढरं बसतं आणि महिनोन्‌महिने जात नाही. पत्र्याच्या कडा आणि बोनेटवरच्या उभार रेषा यांवरही टेप लावा. तिथे रंगाचा थर सगळ्यात पातळ असतो, आणि घासताना आपला सगळा दाब नेमका तिथेच जातो.

मग एकच तुकडा निवडा, फूटभर लांब, फूटभर रुंद. त्याच्या चारही बाजूंना टेप. आधी इथे करून बघायचं आणि जमलं तरच पुढे जायचं. फोमच्या गोल स्पंजावर पॉलिशचे वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. आधी न घासता सगळीकडे लावून घ्यायचं. मग आडव्या रेषांत, प्रत्येक रेष आधीच्या रेषेवर अर्धी चढवत. मग उभ्या रेषांत. परत आडव्या. दाब किती? कपाळाला बाम चोळताना असतो तेवढा. शेवटच्या फेऱ्यांत आणखी कमी. पॉलिश पांढरं असतं ते हळूहळू पारदर्शक, तेलकट दिसायला लागतं. तिथे थांबायचं. वाळेपर्यंत घासायचं नाही. स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसून टाकायचं.

आणि इथे फसायचं नाही! पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरतं आणि जाळं गेल्यासारखं दिसतं. दोन धुण्यांनंतर ते परत हजर. झटपट चमकवून देणाऱ्यांचा अर्धा धंदा यावरच चालतो. खरं काय ते बघायला औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, त्यात तेवढंच पाणी मिसळा, फवारून पुसा, मग टॉर्च मारा. हे पटकन पेट घेतं, त्यामुळे जवळ सिगारेट, गॅस काही नको, हवा खेळती हवी आणि हातात मोजे.

माझ्या तुकड्यावर एका खेपेत अर्ध्याहून जास्त जाळं गेलं. दुसऱ्या खेपेत आणखी थोडं. तिसरी मी केली नाही. त्या एका तुकड्यात आणि बाजूच्या बोनेटमध्ये फरक असा होता की आई वरून बघून म्हणाली, "तिथे पाणी सांडलंय का?"

पहिल्या रविवारचा धुरकटपणाही याच पॉलिशनं निघाला. बोनेट संपायला दीड तास लागला आणि खांदे दोन दिवस बोलत होते. सगळी गाडी मी तीन रविवारांत केली. टपाच्या मधल्या पट्ट्याला हात लावला नाही. जे चांगलं आहे ते कशाला कातरायचं? सामानाचा खर्च अडीच हजारांच्या आत.

मशीनबद्दल थोडक्यात. हातानं जमतं, पण रंग कडक असेल तर फार वेळ लागतो. मशीन घ्यायचं ठरवलं तर ड्युअल ॲक्शन घ्या. त्याची चकती फिरते आणि त्याच वेळी हलतेही, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. फक्त गरागरा फिरणारं रोटरी मशीन नवख्या हातात एका क्षणात कडेचा रंग उडवतं, आणि उडवलं नाही तरी उन्हात होलोग्रामसारखे सरकणारे पट्टे सोडतं. प्लॅस्टिकच्या बंपरवर दोन्ही मशीनं जपूनच, तो लवकर तापतो.

शेवटी संरक्षण. पॉलिश हे संरक्षण नाही, त्यानं फक्त पृष्ठभाग सपाट होतो. त्यावर वॅक्स किंवा सीलंटचा अगदी पातळ थर लावायचा. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरून मिळतं, हे बाबांनीच मला सांगितलं. त्याची चमक उबदार असते, पण आपल्या उन्हात ते फार टिकत नाही. सिंथेटिक सीलंट जास्त टिकतं. सिरॅमिक कोटिंगबद्दल इतकंच, की ते जाळं काढत नाही. जाळ्यावर लावलं तर जाळं काचेखाली ठेवल्यासारखं आत राहतं. आधी पॉलिश, मग कोटिंग. कुणी फक्त कोटिंगचे पैसे सांगत असेल तर पॉलिश त्यात धरलंय का ते विचारा.

आता रोज सकाळी काय

ओरखडे काढणं सोपं होतं. बाबांचं सहा वाजताचं पुसणं थांबवणं अवघड. ते थांबवायचं नव्हतंच मुळात. चहाच्या आधी गाडीपाशी जायचं, हा त्यांचा दिवस सुरू व्हायचा रिवाज आहे.

मी त्यांना हातपंप दिला आणि सहा मायक्रोफायबर. आधी फवारायचं, थांबायचं, मग टॉवेल नुसता ओढून न्यायचा, जोर नाही. टॉवेलची दोनदा घडी घातली की दोन्ही बाजू मिळून आठ स्वच्छ पृष्ठभाग मिळतात. प्रत्येक भागाला नवा पृष्ठभाग. आठ संपले की दुसरा टॉवेल. गाडी चिखलानं भरली असेल तर हे करायचंच नाही, सरळ धुवायची. टॉवेलवरचं कडक लेबल कापून टाकायचं. धुताना सुती कपड्यांबरोबर टाकायचे नाहीत, त्यांचे धागे चिकटतात, आणि फॅब्रिक सॉफ्टनर घालायचं नाही. आईनं पहिल्याच आठवड्यात चादरींबरोबर टाकले. सहाचे चार झाले.

बनियनचं फडकं आता चाकांसाठी आहे.

त्या पोराचं काम बंद झालं नाही. बाबा त्याच्याशी याबद्दल काही बोलल्याचं मला माहीत नाही, ते तसे बोलणार नाहीत. पण मागच्या महिन्यात मी ऑफिसला निघालो तेव्हा पार्किंगमध्ये बाबा त्याला टॉवेलच्या घड्या घालून दाखवत होते आणि मोठ्यानं मोजत होते, वर्गात मोजायचे तसे. त्याच्याजवळ आता दुसरी बादलीही आहे. बाबांनी दिलेली, झाकणावर आमच्या शाळेच्या रंगाचा शिक्का असलेली.

ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या मुठीमागच्या वाटीत आईच्या अंगठीचे दहाबारा ओरखडे आहेत. तिथे नख अडकतं. ते तसेच आहेत.

पुढच्या भागात पिवळ्या पडलेल्या हेडलाइट. तोवर आज संध्याकाळी टॉर्च मारून बघा, आणि टपाचा मध्य बघायला विसरू नका.